रिकाम्या हौदात बुडवलेले साचे

मुलीच्या वाढदिवसासाठी आणलेलं फुग्यांचं पाकीट उघडलं आणि रबराचा आंबूस वास नाकात गेला. मी मनानं थेट डहाणूतल्या बंद पडलेल्या फुग्यांच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले.

तिथे नवी इमारत उठणार होती. कारखाना पाडायच्या आधी आई मला बळेच घेऊन गेली. "माझ्या कामावर तू शिकलीस, पण काम कधी बघितलं नायस," म्हणाली. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या गंजाड गावाहून एवढ्या उन्हात येऊन पडका कारखाना काय बघायचा, असं मला वाटत होतं.

आत जमिनीवर पांढऱ्या पावडरीचा थर होता. आईनं लाकडी साचे ठोकलेली एक फळी उचलली, पदर खोचला आणि पातळ रबराच्या, आता कोरड्या हौदात साचे सावकाश बुडवले. तेवढ्यात मोजपट्टी घेऊन बिल्डरचा माणूस आला.

"ओ मावशी, बाहेर व्हा! इथे काय काम तुमचं?"

"हेच काम," आई म्हणाली. "बुडवलेली फळी मध्येच सोडत नाय. फुगा जाड-बारीक होतो. थांब."

"हौदात रबर कुठाय?"

"तुझी बिल्डिंग तरी कुठाय?"

मी लाजून तिचा हात ओढला. तिनं तो झटकला, साचे हळूहळू वर घेतले, फळी उलटी केली आणि टोकावरचा नसलेला थेंब पसरेपर्यंत ती गोल फिरवत राहिली.

आज तिथे असते, तर त्याला 'थांब' मीच म्हटलं असतं. तिला मात्र माझी गरज पडली नाही. फळी खाली टेकेपर्यंत तो माणूस मोजपट्टी गुंडाळून उभा होता.