बोअरच्या पाण्याचे दात

दंतवैद्यबाईंचा इवलासा आरसा ओठांना गार लागला आणि मला दुष्काळातलं सोसायटीचं गोदाम आठवलं. पेंडीच्या आंबूस वासात आम्ही रांगेत उभे होतो. गावात एकाच बोअरला पाणी उरलं होतं, आणि अंबाजोगाईहून आलेल्या डॉक्टरबाईंना संशोधनासाठी आमचे दात बघायचे होते.

"दात कावून बघायलेत?" मी वडिलांना, अण्णांना विचारलं.

त्याच आठवड्यात आमचे बैल बाजारात दात बघूनच विकले गेले होते.

"फुकट कोण दात बघतंय?" अण्णा पुटपुटले. "पाण्यानं दात खराब झाले म्हणतेल आन् बोअर बंद करतेल. मंग प्यावं काय? तोंड उघडू नको."

मी ओठ घट्ट मिटले. पुढची-मागची सगळी रांगच मिटलेली होती. "दुखणार नाही गं," डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडं थांबल्या आणि आरसा पुसून ठेवला. आम्ही पाणी वाचवलं होतं. ते वाचवलेलं पाणी आता माझ्या दातांवर तपकिरी डाग होऊन बसलंय.

"हे डाग लहानपणचे दिसतात," दंतवैद्यबाई सहज म्हणाल्या. "गाव कुठलं तुमचं?"

तो बोअर कधीच आटलाय. तरी माझे ओठ मिटले.