खाऱ्या पाण्याचं घर

चिखलीहून लग्न होऊन मी खारपाणपट्ट्यातल्या या गावात आले. पहिल्याच दिवशी तांब्याला तोंड लावलं आणि घोट तोंडातच राहिला. गिळवेना.

सासू बघत होती. "खारं लागलं काय वं? लागन सवय."

सवय लागायच्या आधी तिनं मला पाणी लपवायला शिकवलं. वरणात चिंच-गूळ जरा सढळ हातानं टाकायचा. भाकरीच्या पिठात मीठ घालायचंच नाही. या पाण्यात दूध फाटायचं, म्हणून चहा कोरा, त्यात आलं आणि लिंबू. पाहुणे आले की पाण्याऐवजी ताक पुढं करायचं, जिरं भाजून घातलेलं. जेवून जाणारे म्हणायचे, "सुनेच्या हाताला चव आहे हो!" सासू माझ्याकडं बघून हसायची. मलाही तेव्हा बरं वाटायचं.

मग तिच्या पायांवर सूज आली. खामगावच्या डॉक्टरांनी किडन्या गेल्याचं सांगितलं. "मीठ एकदम बंद," ते म्हणाले. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "मीठ बंद करू, पन पेऊ काय?" तिच्यासाठी आम्ही जारचं पाणी आणू लागलो. फार दिवस आणावं लागलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात दुसरबीडकडची माणसं आमच्या मुलाच्या सोयरिकीसाठी घर पाहायला आली. मुलगीही सोबत होती. मालकांनी आतल्या खोलीत येऊन हळूच सांगितलं, "ताक कर."

ताक घुसळून तयार होतं. पण त्या पोरीकडं बघितलं आणि मी विहिरीच्या पाण्याचे पेले भरून ट्रे बाहेर नेला.

मुलीच्या आईनं एक घोट घेतला नि पेला खाली ठेवला. "पानी असंच असते काय तुमच्याकडं?"

"हाव. बारा महिने."

पोरगी आईकडं बघत राहिली. चहा न घेताच ती माणसं उठली. दोन दिवसांनी फोनवर नकार आला.

मालक ओरडले नाहीत. जेवता जेवता म्हणाले, "पानी दाखवाची काय गरज होती?"

"तिले जनमभर प्या लागलं असतं."

"तू पेली ना? मेली काय?"

सासूचा फोटो त्यांच्या मागच्या भिंतीवर होता. त्यांना तो आठवला की नाही कोण जाणे. मी भाकरी वाढली. मुलगा ताटावरून उठला. जाताना एवढंच म्हणाला, "आई, तू माह्यं लग्न होऊ देत नाही."

आता कुणी घर पाहायला येणार असलं की मला आदल्या दिवशी चिखलीला भावाकडं पाठवतात. आलेल्यांना सांगतात, मुलाच्या आईची तब्येत बरी नसते. शेजारची चुलत जाऊ येऊन सगळं करते. तिच्या हाताला चव आहे म्हणे.