धवलारीण आणि पंच

ओल्या हळदीचा वास आला की मला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आमच्या गावातलं शेजाऱ्यांचं अंगण आठवतं. शेजारच्या काकांनी जमिनीचा तंटा गावकीत न मिटवता कोर्टात नेला, म्हणून पंचांनी त्यांचं घर वाळीत टाकलं. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची हळद होती. मांडवात डीजे गप्प, पाहुणा एक नाही. माझी आई गावची धवलारीण. तिनं लग्नाचे धवले गायल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. ती ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली, तर एक पंच आडवा आला. "गेलीस तर तुला पन वालीत टाकू." "टाक. कोर्टात बाप गेला, पोरीनं काय केलंय?" असं म्हणून आई मांडवात शिरली आणि पार नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशी गायली. मग आम्हीही वाळीत पडलो. पुढच्या वर्षी त्याच पंचाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. आई म्हणाली, "आदी शेजाऱ्यांना आमंत्रन दे, मंग मी येईन." आता वाळीत टाकणं हाच कायद्यानं गुन्हा आहे, आणि बेलापूरला मी तसल्याच केसेस लढते. समोरचा गावच्या रितीवर आला की कलम मी नंतर सांगते. आधी आईचं विचारते, पोरीनं काय केलंय?