शैलाबाई कुठल्या?

फोन पर्यवेक्षिका मॅडमचा होता. "मावशी, अंगणवाडीची दुसरी किल्ली तुमच्याकडं आहे ना?" असं त्यांनी आधी विचारलं आणि मग सांगितलं, "शैलाबाई पहाटे गेल्या." किल्ली आधी, माणूस नंतर. डेंग्यू झालाय, चाकणच्या दवाखान्यात ठेवलंय, हे मला माहीत होतं. पण चाळिशीही न गाठलेली धडधाकट बाई तापानं जाईल असं कोणाला वाटतं? मी रडले नाही. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते.

महाळुंग्याच्या अलीकडे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमची खालची वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीत मी गेल्या वर्षापर्यंत मदतनीस होते, एक किल्ली अजून माझ्याकडंच आहे. पोरं घरोघरून गोळा करायची, खिचडी शिजवायची, झाडलोट करायची. शैला सेविका म्हणून आली तेव्हा तिच्या काखेत तान्हं बाळ होतं. मूळची बीडकडची. नवरा बालाजी इथल्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्यानं वस्तीत जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि लग्न करून तिला इथं आणली. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "बाई, आधी तुमचं पोरगं झोपवा, मग आमची सांभाळा." तर हसून म्हणाली, "मावशी, हे बी त्यातच धरा. एक लेकरू वाढलं समजा."

महिनाभरात तिच्या नेमणुकीविरुद्ध तक्रार गेली. करणारी मनीषा, गावातल्या जुन्या घरची सून. निवडीत तिचा नंबर दुसरा होता. सेविका स्थानिक रहिवासी पाहिजे असा नियम आहे, आणि मनीषाचं म्हणणं, जागा निघाली तेव्हा शैला इथं राहतच नव्हती, बीडला होती. होतीच. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी गेली होती. अर्ज भरायला बाळ घेऊन एसटीनं आली, सही केली आणि परत गेली. आमच्यात कोणाची पोरगी जात नाही पहिल्या खेपेला? पण बाळाचा जन्मदाखला तिकडचा, लसीचं कार्ड तिकडचं. कागदानं बघितलं तर बाई बीडची.

चौकशीला साहेब आले, पंचायतीत सगळ्यांना बसवलं. मला विचारलं, ही बाई अर्जाच्या वेळी कुठं राहत होती? मी म्हटलं, "साहेब, तुमचा जन्म कुठला?"

"मामाच्या गावचा. का?"

"मग तुमाला मामाच्या गावचं म्हणायचं का बापाच्या?"

सगळी पंचायत हसली, मनीषाचा सासरासुद्धा. साहेबही हसले आणि म्हणाले, "मावशी, कागदाचं बोला." मग त्यांनी कागदाचंच लिहिलं. शैलाची नेमणूक रद्द झाली.

बालाजीनं वकील धरला, हायकोर्टातून स्थगिती आणली. स्थगिती म्हणजे काढलं नाही आणि ठेवलंही नाही. त्या स्थगितीवर ती बाई सहा-सात वर्षं रोज वर्ग उघडत होती. तारीख पडायची, पुढची मिळायची... वकिलानं एक सांगून ठेवलं होतं, निकाल लागेपर्यंत गाव सोडून जास्त दिवस राहू नका. ते तिनं इतकं मनावर घेतलं की माहेरच बंद केलं. दुसरं बाळंतपण त्या दोन खोल्यांत झालं, आई बीडहून येऊन राहिली. दिवाळीला भाऊ न्यायला यायचा आणि फराळाचा डबा ठेवून एकटाच परत जायचा. वडील गेले तेव्हा मातीला पोचली खरी, पण तिसरा दिवस करून दाराशी हजर. दहाव्यालाही थांबली नाही. मी भडकले. "अगं, बाप मेलाय तुझा. एवढ्यात कोर्ट काय बुडतंय का?"

ती चूल पेटवत होती. म्हणाली, "मावशी, कुणी कुलपाचा फोटो काढला की झालं. म्हणतील, बघा, गेली माहेरी."

फोटो काढणारे होतेच वस्तीत.

आणि मनीषाचा धाकटा आमच्याच वर्गात बसायचा. मी एकदा पळी आखडती घेतली, तर शैलानं माझ्या हातातून घेतली आणि त्याला वाढलं. "त्यानं काय तक्रार केलीय का, मावशी?" मला तिचा हा चांगुलपणा कधी पटला नाही. आजही पटत नाही.

शैलाच्या दहाव्याला मनीषा आली. माझ्याजवळ बसून म्हणाली, "आत्या, मी तक्रार मागं घेणारच व्हते." मी म्हटलं, "मग घ्यायची व्हती. कुनी हात धरला व्हता?" ती उठून गेली.

मागच्या पंधरवड्यात वकिलाचा बालाजीला फोन आला. बाई हयात नाहीत, आता प्रश्नच उरला नाही, म्हणून कोर्टानं केस बंद केली. बालाजीनं विचारलं, "पण निकाल कुणाच्या बाजूनं लागला?" वकील म्हणाला, "कुणाच्याच नाही." मला समजावायला बालाजी घरी आला होता, पण त्यालाच ते समजलेलं नव्हतं. नेमणूक बरोबर होती, एवढे तीन शब्द कोणीतरी तिच्या तोंडावर म्हणायला हवे होते. त्यासाठी तिनं बापाचा दहावा सोडला. आता कोणी म्हणणारही नाही.

सोमवारी नातीला सोडायला अंगणवाडीत गेले. शेजारच्या वस्तीतल्या सेविकेकडं सध्या जादा काम दिलंय. ती पोरांना बसा म्हणाली, तर एकही बसेना. शैलाची शिस्त अशी की रोज आल्यावर प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव, बापाचं नाव आणि राहायचं ठिकाण सांगायचं. आईबाप कामावर, रस्त्यावर कंटेनर; पोर चुकलं तर निदान सांगता यावं. एकेक पोर बोलत गेलं. शेवटी एक नवी पोरगी होती, आईबाप चार दिवसांपूर्वी कामासाठी नांदेडकडून आलेले. ती नुसतीच उभी. शेजारचं पोर तिला कोपरानं ढोसून म्हणालं, "बोल की, खालची वस्ती."

"खालची वस्ती," ती म्हणाली.

मग सगळी खाली बसली.