गुलाबरावांचा डेस्कटॉप

"ताई, तुमची फेरी वाया गेली," नीलेश हसत म्हणाला. "मी विंडोज मारून टाकली. आता एकदम मस्त चालून राह्यला."

फुलसावंगीला त्याच्या घरात मी हातात हेल्मेट घेऊन उभी होते. आर्णीहून स्कूटीवर आले होते, कंबर मोडली होती. समोर कॉम्प्युटर चालू होता. नवाकोरा निळा स्क्रीन, त्यावर रिसायकल बिनचा एकटा आयकॉन.

"मारली म्हणजे? आधी फॉरमॅट केलं का?"

"केलं न. अर्धवट कायले ठेवा?"

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. आमच्या भागात कॉम्प्युटरला काहीही होवो, औषध एकच, 'विंडोज मारणे'. म्हणजे जुनं सगळं पुसायचं आणि विंडोज नव्याने टाकायची. मशीन हळू चालतं, मारा. प्रिंट येत नाही, मारा. माणसाला सर्दी झाली की कोणी त्याचं घर पाडत नाही, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

नीलेशचे वडील गुलाबराव. बाजार समितीत ते हर्रास बोलायचे, म्हणजे तुरीच्या, सोयाबीनच्या ढिगापुढे उभं राहून भाव पुकारायचे. आवाज असा की बाहेर रस्त्यावरच्या माणसाला भाव कळे. जन्मभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. शेवटी घशाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. मोबाईलवर लिहून ते सगळ्यांशी बोलू लागले. पण त्यांची बायको, कमलाबाई, शाळेत गेलेली नाही. तिला ते वाचता येत नव्हतं.

नीलेशच्या हे आधीच लक्षात आलं होतं. ऑपरेशनच्या आधी त्याने माइक लावून वडिलांची रोजची वाक्यं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. प्रत्येक वाक्याचा एक आयकॉन, सगळे डेस्कटॉपवर. गुलाबराव माउस दाबायचे आणि स्पीकर बोलायचा. जेवली का वं? गोळी घेतली का? दार लावून घे. दोनचार शिव्याही होत्या. नीलेश त्या काढून टाकू म्हणाला, तर कमलाबाईंनीच नको म्हटलं. स्पीकर बसवायला मी गेले होते तेव्हा हे पाहिलं होतं. असं बोलणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

मग कॉम्प्युटरचा C ड्राइव्ह भरला, लाल पट्टी दिसू लागली. नीलेश एका ऑफिसात ऑपरेटर आहे, त्यामुळे हात धीट. कोणता तरी व्हिडिओ पाहून त्याने अनोळखी नावांच्या फाइली उडवल्या. त्या सिस्टिम फाइली होत्या. मशीन त्यांच्याच जिवावर सुरू होतं. दुसऱ्या दिवशी विंडोज उघडेना. 'रिपेअर' लिहिलेली निळी पाटी यायची, गोल फिरायची, पुन्हा तीच पाटी.

त्याने मला फोन केला. मी सांगितलं, घाबरू नको, विंडोज बिघडली आहे, बाबांचा आवाज जागेवर आहे. हात लावू नको, मी येते. असल्या वेळी मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, आधी सगळा डेटा बाहेर कॉपी करायचा, मग सिस्टिम फाइली दुरुस्त करायच्या. बिनधोक काम आहे.

पण ताईने एवढ्या दुरून यायचं, याचं त्याला वाईट वाटलं. भलेपणानेच घात केला.

"डेस्कटॉपवरचं कुठं गेलं?" मी विचारलं.

"D मध्ये असन न."

डेस्कटॉप डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून लोकांना तो वेगळा वाटतो. तो C मध्येच असतो. C पुसला की तोही गेला. मी नीलेशला नको ते बोलले. मूर्ख म्हटलं, त्याच्या वडिलांसमोर म्हटलं. तो पांढराफटक पडला. मोबाईलमध्ये एखादी कॉपी? नव्हती.

मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. जुन्या हार्ड डिस्कमध्ये पुसलेलं बरेचदा परत मिळतं, कारण फक्त नाव खोडलं जातं, माल तिथेच राहतो. यात नव्या प्रकारची डिस्क होती, SSD. ती फॉरमॅट झाल्यावर स्वतःच आपली घरं झाडून रिकामी करते. सॉफ्टवेअर फिरत राहिलं. गुलाबराव खुर्ची ओढून जवळ बसले, स्क्रीनवरून नजर हलवेनात. कमलाबाई चहा ठेवून गेल्या. शेवटी यादी आली, सगळी नव्या विंडोजची. एकही आवाज नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"ताई, काहीतरी करा न," नीलेश म्हणाला. गुलाबरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मोबाईलवर बराच वेळ काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं. 'तिले गेलं म्हणून सांगू नका. दुरुस्तीले नेलं म्हणा.'

म्हणून मी धडधाकट चालणारा कॉम्प्युटर स्कूटीवर बांधून दुरुस्तीला नेला. डिस्क नागपूरलाही दाखवून आणली. तिथेही तेच उत्तर.

धडा म्हणाल तर एका ओळीचा आहे. आधी कॉपी, मग दुरुस्ती. मी तो दुकानात मोठ्या अक्षरांत लावला आहे. लोक तो वाचतात आणि म्हणतात, ताई, विंडोज मारून द्या.

कमलाबाईंचा अधूनमधून फोन येतो. मी सांगते, पार्ट यायचा आहे.

"येऊ दे, पोरी," परवा त्या म्हणाल्या. "तोवर बुढ्याच्या वाटचं बी मीच बोलून राह्यली."