गवत्याच्या पोटातलं

मोठाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीच्या शाळेत पाचवीचे पेपर तपासत होते. मोठाई म्हणजे माझी मोठी काकू, अड्याळजवळच्या आमच्या गावची, तळ्यात मासे धरणारी ढिवरीण. हातातला पेपर मी तपासून पूर्ण केला, मगच उठले. रडू नाही आलं. आधी आमच्या तळ्याच्या ठेकेदाराचं तोंड डोळ्यांपुढे आलं. गेलेल्याविषयी वाईट लिहू नये असा रिवाज आहे, तो मी पाळते. जिवंत माणसाविषयी तसा रिवाज असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या तळ्याच्या तळाशी गवत होतं. चिला म्हणतात त्याला. पाण्याखाली हलणारं ते हिरवं रान लहानपणी मोठाईनं मला डोंग्यातून, आमच्या लहान होडीतून, दाखवलं होतं. मरळ त्यातच अंडी घालायची, पिल्लं त्यातच लपायची. मग तळं मासेमारीच्या ठेक्यानं गेलं. ठेकेदारानं त्यात गवत्या सोडला. गवत खाऊन भराभर वाढणारा, वजनाला भरणारा मासा. दोन वर्षांत तळाशी नुसता चिखल उरला. एक दिवस तो चिखल पाहत मोठाई पाळीवर, तळ्याच्या बांधावर, बसून होती. "पोरी, तळ्याचं लुगडं फेडलं यानं," ती म्हणाली. "आता मासोळ्यायनं अंडी कुठी घालाची?" आणि तळ्यात चिला दिसेपर्यंत मासा खाणार नाही, असं तिनं तिथंच ठरवलं. ढिवराच्या घरात मासा सोडणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यांनाच कळेल.

गावामागच्या दुसऱ्या तळ्यातून तिनं चिल्याचे कोंब आणले, अंगणातल्या सिमेंटच्या हौदात वाढवले. दर पावसाळ्यात मुळांभोवती मातीचा गोळा थापून ती ते तळ्याच्या कोपऱ्यात लावायची, भोवती बांबू रोवून जुनी जाळी बांधायची. ठेकेदाराची माणसं जाळी उपटून फेकायची. ती परत बांधायची. एकदा तो स्वतः पाळीवर आला. "काकू, गवतासाठी काहून जीव काढून राहिल्या?" असं हसत म्हणाला. मोठाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र ते हसू अजून ऐकू येतं... आणि ते विसरायची माझी इच्छाही नाही.

शेवटच्या भेटीत ती खाटेवर होती. दमा वाढला होता. वहिनीनं तिच्यासाठी वेगळं वरण केलेलं. "यंदाबी नाय रुजलं वं," ती म्हणाली. मी म्हटलं, रुजेल. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात मासा शिजतो. सकाळीच ठेकेदाराचा माणूस हातभर लांबीचा गवत्या घेऊन दारात उभा. "मालकानं धाडला. काकूले लय मानत होते म्हने." भाऊ परत करायला निघाला होता, मी घेतला. का घेतला ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. विळीवर पोट चिरलं आणि हात थांबला. आत चावलेलं, हिरवंगार गवत. वहिनीनं चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "चिलाच आहे वं हा," ती म्हणाली. रुजलं होतं. मोठाईचं गवत तळ्यात उगवलं होतं, आणि ते ठाऊक नसताना ती गेली. ज्यानं ते खाल्लं, तोच तिच्या नावानं आमच्या ताटात आला होता. तेव्हा मी रडले. संतापानं रडले, हेही सांगते.

ते गवत मी पळसाच्या पानावर मोठाईच्या फोटोपुढे ठेवलं. चिरलेला मासा पिशवीत घालून ठेकेदाराच्या दारी गेले. चारचौघं बसले होते. "हा तुमचा मासा," मी म्हटलं. "पोटातलं आमचं होतं, ते काढून घेतलं." या वेळी तो हसला नाही. मला त्याचा फार आनंद झाला. अजूनही होतो.

आता दर शनिवारी मी गावी जाते. गावातल्या बाया तळं स्वतःच्या नावावर मागणार आहेत, अर्ज मीच लिहिला आहे. मासा खाणं मीही सोडलं आहे. ठेका या उन्हाळ्यात संपतो, ठेकेदारसाहेब. तळं आटेल तेव्हा तुमचे गवत्ये आम्ही एकेक करून काढू. अंगणातला हौद चिल्यानं काठोकाठ भरलाय.