बेनचा झिरा, आमचा बोअर

शुद्धलेखन चौथीबरोबरच सुटलं, आणि माझं अक्षर तर तेव्हा मास्तरांनाही लागत नसे. वही कुणाच्या हाती पडलीच तर माफ करा. चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

बडोद्याजवळ वाघोडियाकडे नदीकाठी आमचं थोडं शेत होतं. खाली वाळूत एक गुजराती बेन कलिंगडं लावायची. धार आटली की ती वाळूत खड्डा खणी, त्यात पाणी झिरपे. त्या झिऱ्यावर वेल जगत.

तेव्हा तिकडे नवे कारखाने येत होते, मग आमच्या यांना मागे राहायचं नव्हतं, निदान बोअर तरी हवाच होता. पाणाड्याने तळहातावर आडवा नारळ घेतला, नारळ नेमका काठाशी उभा राहिला. आंधळ्यालाही पाणी तिथेच सापडलं असतं, पण दक्षिणा नारळालाच. बोअरला पैसे कमी पडले ते बेनने दिले. "गहू विकाल तेव्हा द्या, भाई." यांनी खूश होऊन पूजेचा नारळ तिच्याच हातून फोडवला.

पाणी लागताच हे सरदारासारखे बांधावर उभे. वीजबिल मोटरच्या ताकदीवर ठरलेलं, कितीही चालवा तेवढंच, म्हणून मोटर दिवसभर चाले. महिनाभरात झिरा कोरडा, वेलांनी माना टाकल्या.

बेन वर आली. "भाई, तमारी मोटर मारूं पाणी खेंची जाय छे."

"तुमचं नदीचं, आमचं पाताळातलं. सोयरीक कुठली?"

सासूबाई म्हणाल्या, "पाताळ तर सगळीकडे असतं. मग नारळ काठालाच का उभा राहिला रे?"

"आई, तू गप."

देवाने यांना बुद्धी दिली नाही, पण मोटर जाळली. ती दुरुस्तीला बडोद्याला गेली आणि इकडे झिरा भरू लागला, आधी गढूळ, मग नितळ. पावसाळ्यात नदी जमिनीला पाजते, नंतर जमीन नदीला. दोघी एका ताटात जेवतात. आम्ही ताटच ओढलं होतं.

मी झिऱ्यातून तांब्या भरून यांच्यापुढे ठेवला. "पाताळातलं आहे, प्या."

सासूबाई पदरात हसल्या. यांनी तांब्या रिकामा केला.

मोटर आल्यावर यांनी ती दिवसाआड चालवली: एक दिवस आमचा, एक दिवस बेनचा. गहू थोडा विरळ आला, वेल हिरवे झाले. गहू विकल्यावर हे स्वतः पैसे घेऊन वाळूत उतरले. बेनने हात धुतले, नोटा दोनदा मोजल्या आणि कमरेला खोचल्या. पैसे पुरते फिटले.